रोट एक तोवर परस एक

माझ्या सख्ख्या मोठ्या भावाने मला फसवून घरातून वेगळं काढलं. त्याला सगळे नाना म्हणतात, मीही म्हणतो, इथेही तेच लिहितो. जे झालं त्यात कुठे सही नाही, अंगठा नाही, त्यामुळे कोर्टात जाऊन सांगण्यासारखं काही नाही. म्हणून जे गावात राहिले आणि जे माझ्यासारखे गाव सोडून धुळ्याला, सुरतेला, भोसरीला गेले, त्या सगळ्यांपुढे हे मांडतो. माझं कुठे चुकलं असेल तर तोंडावर सांगा. पाठीमागे पुष्कळ सांगून झालं आहे.

मी निघालो ते बासष्ट-त्रेसष्टच्या सुमाराला. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, नुकतीच झाली होती. यावलच्या स्टँडवर आबा, म्हणजे वडील, माय आणि नाना तिघंही आले होते. माझ्याकडे एक वळकटी आणि गोणपाटात गुंडाळलेली एक गोवरी. गोवरीत गंगाफळाच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, बिया होत्या. आमची माय बिया शेणात कालवून परसाच्या भिंतीला थापायची, म्हणजे त्यांना कीड लागत नसे. त्या सकाळी तिने भिंतीवरची एक थापी उपटून माझ्या हातात दिली होती. कंडक्टरने ती पाहिली आणि म्हणाला, "शेण आत चालणार नाही, टपावर टाक."

मी म्हणालो, "वाळलेलं आहे. तुमच्या सीटपेक्षा स्वच्छ आहे."

वाद वाढला. गाडी तशीच घुरघुरत उभी राहिली. आबांनी खिडकीतून माझी बाही ओढली. "बापू, ते शेन घेऊन जाय, पन जीभ घरी ठेवून जाय." कंडक्टर हसला आणि गोवरी आत राहिली. मग आबा हळू आवाजात म्हणाले, "तू कोठीबी ऱ्हाय. रोट एक तोवर परस एक. ध्यानात ठेव." नाना मागे उभा होता. तो म्हणाला, "जाय तू. परस मी पाह्यतो."

पाहिलंच त्याने.

हे रोट काय, ते खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई देवी बसते. त्या दिवशी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने, मग तो पाळण्यातला का असेना, सव्वा मूठ गहू सुपात घ्यायचा. सगळा गहू एकत्र दळायचा, त्याचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, करायचे आणि गंगाफळाच्या भाजीबरोबर खायचे. ज्याची मूठ त्यात आहे, त्याच्याच घरच्यांनी खायचे. बाहेरच्याला तुकडा द्यायचा नाही. माणूस कुठेही राहो, त्याची मूठ घरच्या सुपात पडते तोवर तो घरचा. ज्याने आपले रोट दुसरीकडे लावले तो वेगळा झाला. विरजण लागलेलं दूध परत दूध होत नाही, तसं ते आहे.

आता परसाचं सांगतो, कारण भांडण त्याचं आहे.

घरामागे तो जमिनीचा तुकडा होता. मधे आड, एका कडेला गोठा, दुसऱ्या कडेला मोरी. शेत होतं, पण शेतात आम्ही मजूर होतो आणि परसात मालक. आबांनी प्रत्येकाला एक वाफा दिला होता. नानाचा आडाजवळचा, माझा गोठ्याकडचा, अक्काचा, म्हणजे थोरल्या बहिणीचा, मोरीजवळचा. अक्का सासरी गेल्यावर मायने तिथे अळू आणि केळीचं एक खुंट लावलं, भांडी घासलेलं पाणी आपोआप तिकडे जायचं. वाफा ज्याचा, पाणी त्यानेच शेंदायचं. उन्हाळ्यात आडाचं पाणी तळाला गेलं की पोहरा खाली आपटून चिखल वर यायचा. त्या चिखलाच्या पाण्यासाठी मी आणि नाना रोज भांडायचो. तो आधी उठायचा, मी त्याच्या आधी उठायचो. शेवटी आबांनी दोर उचलून स्वतःच्या खाटेखाली ठेवला. ते उठल्याशिवाय कोणाला पाणी नाही.

चैत्रात सगळं परस उघडं पडायचं. माती खणून उन्हात भाजत टाकायची. अनवाणी पायाने तिच्यावरून जाता येत नसे. माय म्हणायची, "तापू दे तिले. तापल्याबिगर ती देत नाई." आखाजीला अक्का माहेरी यायची, निंबाला झोका बांधायचा आणि त्याच दिवशी गंगाफळाचं बी टोचायचं. आषाढात वेल गोठ्याच्या धाब्यावर, म्हणजे सपाट छतावर, चढायचा. श्रावणात त्याची तांबूस फळं मातीच्या धाब्यावर बसलेली असायची, आणि पहिलं मोठं फळ कानबाईचं. कोणाच्या वेलाचं फळ देवीला जाणार यावरून आमच्यात दोन महिने धुसफूस.

एका वर्षी माझा वेल धाब्यावरून उतरून नानाच्या वाफ्यात गेला आणि नेमकं तिथे त्याला सगळ्यात मोठं फळ धरलं. नानाने त्याखाली पेंढा घातला, वर पालापाचोळा झाकला आणि गप्प राहिला. फळ पिकलं तेव्हा म्हणाला, माझ्या वाफ्यात आहे, माझं आहे. मी त्याच्या अंगावर धावून गेलो. आबांनी दोघांना बखोटीला धरून वेलाच्या बुडाशी नेलं. "मूय कोठी हाय ते पाय," एवढंच बोलले. मूळ माझ्या वाफ्यात होतं, फळ माझं ठरलं. नाना तेव्हा हसला होता. मला ते हसू आवडलं नव्हतं, पण त्या वयात मी जिंकलो होतो, हसण्याकडे कोण बघतं.

भाद्रपदात वांग्याची रोपं लावायची आणि थंडी पडली की भरीत. हिरवी, लांब, दोन हातांनी धरावी अशी वांगी. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या परसातच पेटवायच्या, त्यावर वांगी टाकायची. आबा काडीने ती फिरवायचे, अक्का असली तर सालं काढायची, नाना लाकडी बडजीत ठेचायचा आणि मिरच्या किती टाकायच्या हे मी ठरवायचो. धुराने सगळ्यांचे डोळे लाल. त्या जेवणाला मात्र मी आणि नाना भांडल्याचं मला आठवत नाही. तो मला गरम भरीत हातावर द्यायचा आणि मी "भाजलं, भाजलं" म्हणत खायचो. हे खोटं कशाला लिहू? तो वाईट भाऊ नव्हता. म्हणून तर राग जात नाही.

धुळ्यात मी बारदानाच्या धंद्यात पडलो. बारदान म्हणजे वापरलेल्या गोण्या. आमच्या शेठजींचं घराणं मारवाडातून आलेलं. त्यांच्या गोदामात मी आधी गोण्या झटकल्या, मग निवडल्या, मग विकत घ्यायला जाऊ लागलो. गोणी दोन्ही हातांनी उजेडात धरायची आणि बोटं आतून फिरवायची. भोक लपवायला लोक आतून ठिगळ लावतात, वरून खळ घासतात. मी एकदा बोट फिरवलं की सांगायचो. भाव करताना मी उठून चालू लागायचो, चपला घालायचो, रस्त्याच्या वळणापर्यंत जायचो आणि तिथे हाक ऐकू यायची. शेठजी म्हणायचे, "ये छोरा पाठ दाखवून कमावतो." काही वर्षांत माझं स्वतःचं छोटं गोदाम झालं. ते मी कोणाच्या मेहेरबानीने केलेलं नाही.

पण पहिल्या वर्षापासून गंगाफळ लावलं. पांझरा नदीच्या काठची गाळाची माती आणायला एका गाढववाल्याशी ठरवलं. तो माती आणणार, मी त्याला गाढवांवर घालायला फाटक्या गोण्या देणार. तेलाचे डबे कापले, तळाला भोकं पाडली. खोलीवर पत्रा होता. वेल त्यावर चढला आणि ज्येष्ठात एका दुपारीत करपला. दुसऱ्या वर्षी मी पत्र्यावर जुन्या गोण्या अंथरल्या आणि त्या ओल्या ठेवल्या. वेल टिकला. खाली खोलीही गार झाली. मग पाहून पाहून सगळ्या गल्लीने पत्र्यावर गोण्या टाकल्या, त्याही माझ्याकडूनच घेऊन.

माझी बायको सुमन नरडाण्याकडची. ती अहिराणी बोलते, आम्ही यावलकडचे वेगळं बोलतो. मी "पाय" म्हणायचो, ती "देख" म्हणायची, आणि डब्यातल्या मिरचीला पाणी घातलं का, यावर आमचं दोन भाषांत भांडण व्हायचं. मुलं दोन्ही बोलतात आणि शाळेत तिसरंच बोलतात. संध्याकाळी नळाला पाणी आलं की पोरं तांब्या घेऊन रांगेत उभी राहायची, आपापल्या डब्यासाठी. मी त्यांना एकेक डबा दिला होता. भांडणंही तशीच. थोरल्याने धाकट्याच्या डब्यातलं रोप हलवलं की मी थोरल्याला जरा जास्तच बोलायचो. सुमन म्हणायची, "तो नाना नही शे. त्याले काय बोलतस?"

दर श्रावणात आम्ही गावी जायचो. धुळ्याच्या पत्र्यावरचं गंगाफळ गोणीत घालून मांडीवर घेऊन मी बसायचो. परसातली फळं असायचीच, पण माय माझं फळही भाजीत चिरायची. "बी आपलंच हाय," म्हणायची. आबा गेले त्या वर्षीही सुपात माझी मूठ पडली, माझ्या दोन्ही मुलांच्या मुठी पडल्या. बहात्तरच्या दुष्काळात आंघोळीच्या पाण्यावर एकच फळ आलं, नारळाएवढं. तेही नेलं.

दुष्काळानंतरच्या वर्षी पाऊस चांगला झाला. कानबाईच्या आदल्या दिवशी आम्ही पिशव्या भरून तयार होतो. सकाळीच आमच्या गावाकडून केळीचा ट्रक बाजारात आला आणि त्याचा ड्रायव्हर मला शोधत गोदामावर आला. ओळखीचा माणूस, गावाकडचे निरोप तोच आणायचा. म्हणाला, "नानांनी सांगितलंय, तापी चढलीये, पूल बंद झालाय. पोरं घेऊन मधेच अडकाल. यंदाचे रोट तिथेच लावा, इथे मी सांभाळून घेतो."

मला बरंच वाटलं. थोरल्या भावाला आमच्या पोरांची काळजी आहे असं वाटलं. वर्षभर पाण्यावाचून तडफडलेलो, आता पुराच्या बातमीचंसुद्धा कौतुक. सुमन मात्र पिशवी खाली ठेवेना. "एकदाव रोट लावात का मानूस येगळा व्हई जास," ती म्हणाली. मी तिला सांगितलं, थोरल्याने सांगून लावलेले रोट वेगळे धरत नाहीत. तो तिकडे आपल्या मुठी धरणारच आहे. ती म्हणाली, "त्यासनी तसं सांगं का?" मी चिडलो. रविवारी आमच्या एका खोलीत कानबाई बसली. गहू मी स्वतः मोजला. पत्र्यावरचं गंगाफळ उतरवलं. पोरांनी पोट भरून रोट खाल्ले.

पुढच्या श्रावणात घरी गेलो. भाऊकी जमली होती. माय सूप घेऊन बसली होती. तिने नानाची मूठ टाकली, नानाच्या मुलांच्या टाकल्या आणि माझं नाव घेऊन हात गव्हात घातला.

नाना म्हणाला, "माय, बापूची नको धरू."

"काऊन रे?"

"त्यानं माघल्या वर्षी धुयाले रोट लावले. तो येगळा झाला."

मी म्हणालो, "तुझ्याच निरोपावरून लावले."

"म्या येगळा व्हय म्हनलो का? पूल बंद हाय म्हनलो."

"इथे सांभाळून घेतो, असं कोण म्हणालं?"

"ते ड्रायव्हरले इचार. तो कोनाच्या घरचा हाय?"

कोपऱ्यात तात्या बसले होते. ते आमचे चुलते, भाऊकीत सगळ्यात वडील. ते सुपारी कातरत म्हणाले, "बाप्पा, तू धुयाचा येपारी. ज्या ट्रकानं निरोप आनला, तो ट्रक कोन्या पुलावरून आला, हे इचारलं नाई?"

लोक हसले. मला त्या क्षणी कळलं. गोणीतलं भोक बोटाने शोधणारा मी, आणि एवढं मोठं भोक माझ्या हातून निसटलं. ट्रक पहाटे निघून तापी ओलांडून आला होता, केळीने भरलेला, आणि मी त्याच्या ड्रायव्हरला चहा पाजून पूल बंद असल्याचा निरोप घेतला होता.

मायचा हात अजून गव्हातच होता. ती मला म्हणाली, "बापू, तू लावले कामून रे?" नानाला ती काही म्हणाली नाही. ती त्याच्या घरात राहते, त्याच्या हातचं खाते, आणि ते मला कळत नाही असं नाही. मूठ तिने सुपात टाकली नाही. गहू पुन्हा पोत्यात सोडला.

मग नाना उठला आणि त्याला जे बोलायचं होतं ते बोलला. "तू वर्सातून एकडाव येतो, गंगाफय मांडीवर घेऊन. तुहा वाफा इतकी वर्सं कोनं जगवला? आडाचा चिखल कोनं काढला? आबाच्या दुखन्यात पानी कोनं शेंदलं? आन् तुही मूठ माह्याबरोबरीनं?"

यातलं खोटं काही नव्हतं. पाणी त्यानेच शेंदलं. ते त्याने मला आधी सांगितलं असतं तर मी चपला घालून वळणापर्यंत गेलो असतो आणि परत येऊन त्याच्याशी काहीतरी ठरवलं असतं. माझा वाफा त्याला दिला असता. पण त्याने मागितला नाही, काढून घेतला. मी आणलेलं गंगाफळ उचललं आणि ओट्याच्या कडेवर आपटलं. फुटलं. बिया तात्यांच्या धोतरापर्यंत उडाल्या. देवीच्या दिवशी असं केलं म्हणून गाव अजून मला नावं ठेवतं. ठेवू दे. मला त्याचा पस्तावा नाही. सुमनने मुलांना उठवलं आणि आम्ही जेवण न करता निघालो. गाडीत ती फक्त एकदा बोलली. "तुम्ही गोन्या पारखतस, मानसं नही."

आबांचा शब्द गावाला ठाऊक होता. रोट एक तोवर परस एक. रोट वेगळे झाले म्हणून वाटणी झाली असं भाऊकीने धरलं. मला वरचं कोरडं शेत आलं. नानाकडे घर आणि परस राहिलं. त्याच हिवाळ्यात त्याने परसात पायाच्या चाऱ्या खणल्या. आज तिथे त्याच्या मुलांच्या दोन पक्क्या खोल्या आहेत. आडावर फरशी टाकली आहे. गोठ्याचं धाबं गेलं. मोरीजवळचा अक्काचा तुकडा उरला आहे, तिथे माय अजून अळू लावते, असं अक्का सांगते. पोरांना खोल्या लागतात, मला मान्य आहे. जागा मागून घ्यायची होती.

त्यानंतर मी त्या ड्रायव्हरला गाठलं. तो भुसावळकडे दुसऱ्या मालकाच्या गाडीवर गेला होता, दीपनगरला सिमेंट पोचवायचा. त्याने कानाला हात लावला. म्हणाला, "पूल चालूच होता हो. मी त्यावरूनच आलो ना. नाना म्हणाले तसं मी सांगितलं. मला वाटलं, नंतर बंद होणार असेल." त्याला भाऊकीसमोर चल म्हटलं तर म्हणाला, तुमच्या भावाभावांत मला ओढू नका. मी पुष्कळ घासाघीस केली. या एका सौद्यात समोरचा हलला नाही.

आमचं आता चांगलं चाललं आहे, हेही लिहायला हवं. आता आमचं स्वतःचं घर आहे, त्यामागे खरीखुरी जमीन आहे, डबे नाहीत. थंडीत आम्ही तिथे वांगी भाजतो. पऱ्हाट्या मी बाजारातून आणतो. थोरला ठेचतो, धाकटा मिरच्या ठरवतो, आणि सुमनच्या माहेरची माणसं येतात तेव्हा अंगण भरतं. त्या धुरात मला बरं वाटतं. मुलांना विचारलं तर ती हेच आपलं घर म्हणतील, आणि त्यांचं बरोबर आहे. श्रावणात मात्र मी बाहेर जातो. कधी मालेगावला, कधी शिरपूरला, गोण्या बघायला. कानबाई सुमन बसवते. परतल्यावर ती माझ्यासमोर रोट ठेवते, मी खातो. गाव सोडून गेलेल्या तुमच्यापैकी पुष्कळांचं असंच असेल. नवं घर आपण स्वतः बांधतो. जुन्या घरात मात्र कोणीतरी आपल्याला मोजायला लागतं. स्वतःला स्वतः मोजून ते होत नाही.

आता नानाला सांगायचं ते सांगतो. हे तो वाचेल, नाही तर त्याला कोणीतरी वाचून दाखवेल.

नाना, परस ठेव. खोल्या पाडायला मी येणार नाही. आडही तुझा. मी मागतो ते जमिनीत मोजता येत नाही. मायचे हात आता थरथरतात, पण अक्का सांगते की गहू अजून तीच मोजते. ते हात आहेत तोवर, येत्या कानबाईला, तात्या असतील, भाऊकी असेल, माय सूप घेऊन बसलेली असेल, तेव्हा मी दारात उभा राहीन. आत बोलावू नको, मी येणार नाही. तिच्यासमोर एका प्रश्नाचं उत्तर दे. मला निरोप धाडलास त्या दिवशी तापीचा पूल बंद होता का? होता म्हणालास तर कोणी पाहिला, ते नाव सांग. नव्हता म्हणालास तर माझी आणि माझ्या दोन्ही पोरांची मूठ सुपात पडू दे. आणि खाली मान घालून गप्प बसलास, तर मायकडे बघून गप्प बस. तिला तेवढं उत्तर पुरेल.